रोल दिलाय, तरी चॅनेल दिसत नाही: डिस्कॉर्डवरच्या परवानग्यांचा नेहमीचा घोळ

कॉलेजचा कोडिंग क्लब असो, गेम बनवणारा छोटा स्टुडिओ असो की पॉडकास्टची टीम, आजकाल बरीच मंडळी रोजचं काम डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या ॲपवर करतात. तिथे गटाची स्वतःची जागा म्हणजे सर्व्हर, त्यातली विषयवार खोली म्हणजे चॅनेल, आणि सदस्याला लावलेलं, परवानग्या देणारं लेबल म्हणजे रोल. अशा काही सर्व्हरांची देखभाल माझ्याकडे असते, आणि येणाऱ्या तक्रारींतली मोठी वाटणी एकाच विषयाची: कोणाला काय दिसतं आणि कोणाला काय करता येतं. तक्रार दर वेळी नवी वाटते, कारणं मात्र ठरलेली. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे देतोय. सुरुवातीच्या गोष्टींना ना पैसे लागतात ना ॲडमिनचे अधिकार, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचा रस्ता थोडा वेगळा आहे.

- रोल दिला, प्रोफाइलवर दिसतोय, पण चॅनेल यादीत नाही.
- चॅनेल दिसतं, पण लिहायची जागा करडी. किंवा चॅनेलमध्ये लिहिता येतं आणि थ्रेडमध्ये (चॅनेलमधल्या उपचर्चेत) नाही.
- सदस्य आपोआप गळतो. रात्री होता, सकाळी नाही.
- मॉडरेटरला (सर्व्हरची शिस्त सांभाळणाऱ्याला) रोल देता येत नाही, मेसेज पिन करता येत नाही, किंवा कोणाला बाहेर काढता येत नाही.
- बॉट (आपोआप कामं करणारा प्रोग्राम) गप्प बसतो, किंवा मिसिंग परमिशन्स असं सांगून हात वर करतो.
- उलटा प्रकार: टीम सोडून गेलेला माणूस अजून आतलं वाचतोय. हा सगळ्यात वाईट, कारण याची तक्रार कोणी करत नाही.

काहीही बदलण्याआधी एक विनंती. "तात्पुरतं ॲडमिनिस्ट्रेटर देऊन टाक, नंतर काढू" हा उपाय करू नका. ॲडमिनिस्ट्रेटर ही परवानगी बाकी सगळ्या मनाया ओलांडते, त्यामुळे लक्षण लगेच जातं आणि मूळ कारण कायमचं झाकलं जातं. शिवाय ते "नंतर" कधी येत नाही. मी हातात घेतलेल्या जवळपास प्रत्येक बिघडलेल्या सर्व्हरवर असे विसरलेले ॲडमिनिस्ट्रेटर सापडतात.

पहिली फेरी: समोरच्याच्या स्क्रीनवर

तक्रार करणाऱ्याकडून पूर्ण स्क्रीनचा फोटो मागवा. "दिसत नाही" एवढ्यावर काम करू नका. त्या फोटोत डावीकडे खाली त्याचं युजरनेम दिसतं, आणि पहिला शोध तिथेच लागतो: माणूस दुसऱ्याच अकाउंटने आलेला असतो. डिस्कॉर्डमध्ये एकाच ॲपमध्ये अकाउंट बदलायची सोय आहे. गेमिंगचं एक, कामाचं एक अशी दोन अकाउंट ठेवणारे बरेच, आणि दोन्हीकडे प्रोफाइल फोटो तोच. रोल एकाला दिलेला, लॉगिन दुसऱ्याने. हे आधी बघायचं ते एवढ्यासाठी की अकाउंटच चुकलं असेल तर पुढची प्रत्येक तपासणी खोटं उत्तर देईल.

अकाउंट बरोबर असेल तर यादी झाकली गेलीय का ते बघा. कॅटेगरीच्या (चॅनेलांच्या गटाच्या) नावावर चुकून क्लिक झालं की ती मिटते आणि त्यातली वाचून झालेली चॅनेल्स गायब वाटतात. म्यूट केलेली चॅनेल्स लपवायचा पर्याय सुरू असेल तर तीही दिसत नाहीत. कम्युनिटी सर्व्हर असेल, म्हणजे आत येताना आवडीनिवडीचे प्रश्न विचारणारा, तर न निवडलेली चॅनेल्स सदस्याच्या यादीत येतच नाहीत. परवानगी आहे, फक्त यादीत नाही. सर्व्हरच्या नावावर क्लिक करून शो ऑल चॅनेल्स सुरू केलं की उलगडा होतो. या एका बटणासाठी लोकांनी सगळे रोल पाडून पुन्हा बांधलेले मी पाहिलेत.

मग ॲप एकदा ताजं करून बघा. संगणकावर कंट्रोल आणि आर, फोनवर पूर्ण बंद करून पुन्हा उघडणं. याने सुटलं तर परवानग्यांत काहीच बिघडलेलं नव्हतं. हात लावू नका.

दुसरी फेरी: हा रोलचा प्रश्नच नसेल तर?

"दिसतं, पण लिहिता येत नाही" या तक्रारीमागे अनेकदा रोलचा संबंध नसतो. चार गोष्टी पटकन बघून घ्या.

सर्व्हरचे नियम मान्य करायची पायरी असेल आणि ती राहिली असेल, तर माणूस आत येतो पण बोलू शकत नाही. खाली पट्टी येते, पण फोनवर ती नजरेतून सुटते.

टाइमआउट लागलेला असू शकतो. टाइमआउटमध्ये वाचता येतं, बाकी लिहिणं, रिॲक्शन, व्हॉइस सगळं बंद. तो कमाल 28 दिवसांचा असतो, आणि तो माणसानेच लावला पाहिजे असं नाही. ऑटोमॉड या मेसेज आपोआप तपासणाऱ्या सोयीच्या नियमातूनही लागतो. मॉडरेटर शपथेवर सांगेल की मी काही केलं नाही, आणि ते खरंच असेल.

तिसरी गोष्ट पडताळणीची पातळी. मध्यम पातळीला अकाउंट उघडून पाच मिनिटं झालेली लागतात, वरच्या पातळीला या सर्व्हरवर येऊन दहा मिनिटं, आणि सगळ्यात वरच्याला फोन नंबर पडताळलेला लागतो. "आत्ताच आलो, लिहिता येत नाही" म्हणणाऱ्याला अर्ध्या वेळा चहा घेऊन ये म्हटलं तरी पुरतं.

चौथी, स्लोमोड. एका मेसेजनंतर दुसऱ्यासाठी थांबावं लागतं आणि हे अंतर सहा तासांपर्यंत ठेवता येतं. कोणीतरी वादावादीच्या दिवशी लावतं आणि काढायचं विसरतं.

गळणाऱ्या सदस्याचं कारण आमंत्रणाच्या लिंकमध्ये असतं. लिंक बनवताना ग्रँट टेम्पररी मेंबरशिप हा पर्याय सुरू राहिला असेल, तर त्या लिंकने आलेला माणूस ऑफलाइन गेला की बाहेर पडतो. रोल दिला असेल तर टिकतो. म्हणून असं दिसतं की काही जण टिकतात आणि काही गळतात, आणि सगळे बॉटवर संशय घेतात. जुनी लिंक रद्द करा, नवी बनवा, विषय संपला.

तिसरी फेरी: रोल खरंच तोच आहे का

आता ॲडमिनच्या बाजूला या. सदस्याच्या नावावर क्लिक करून रोल वाचा. आठवणीवर जाऊ नका, वाचा. डिस्कॉर्ड एकाच नावाचे दोन रोल बनवू देतं. "संपादन" नावाचा एक जुना रोल, एक नवा. चॅनेलला जोडलेला जुना, माणसाला दिलेला नवा. नावं सारखी, रंगही सारखा. सर्व्हर सेटिंग्जमधल्या रोलच्या यादीत प्रत्येक रोलपुढे सदस्यसंख्या असते. एकसारख्या दोन नावांपैकी एकापुढे शून्य दिसलं तर चोर तिथेच आहे.

त्यानंतर माझं सगळ्यात आवडतं हत्यार: व्ह्यू सर्व्हर ॲज रोल. सर्व्हर सेटिंग्ज, रोल्स, त्या रोलच्या तीन टिंबांमध्ये हा पर्याय आहे. सर्व्हर त्या रोलच्या डोळ्यांनी दिसतो. एकापेक्षा जास्त रोल निवडता येतात, आणि तसे निवडाच, कारण खऱ्या माणसाकडे एकच रोल क्वचित असतो. हे का महत्त्वाचं? तुम्ही मालक किंवा ॲडमिनिस्ट्रेटर असाल तर तुम्हाला सगळं दिसतंच. "माझ्याकडे तर चालतंय" या वाक्याला इथे काही किंमत नाही.

याची एक मर्यादा लक्षात ठेवा. हा देखावा रोलचा आहे, माणसाचा नाही. एखाद्याच्या नावाने चॅनेलमध्ये वेगळी मनाई लावलेली असेल तर ती इथे दिसणार नाही. देखाव्यात सगळं ठीक आणि माणसाकडे बंद, असं झालं तर पुढची फेरी.

चौथी फेरी: चॅनेलमधले लाल-हिरवे

खरा घोळ इथे असतो, म्हणून इथे जरा थांबू.

सर्व्हरच्या पातळीवर रोलमधली परवानगी फक्त सुरू किंवा बंद असते. बंद याचा अर्थ "मनाई" नाही. "या रोलकडून काही मिळत नाही" एवढाच. सगळ्या रोलांची आणि @एव्हरीवनची (सर्व्हरवरच्या प्रत्येकाकडे आपोआप असणारा रोल) बेरीज होते, वजाबाकी कधीच नाही. "इंटर्न" नावाचा रोल बनवून त्यातलं सगळं बंद केलं म्हणून इंटर्नचे हात बांधले जात नाहीत. @एव्हरीवनला जे मिळतं ते त्यालाही मिळतंच.

चॅनेलच्या पातळीवर मात्र तीन अवस्था आहेत: हिरवी खूण म्हणजे दिलं, लाल फुली म्हणजे नाकारलं, आणि मधली करडी रेघ म्हणजे वरून जे आलं तेच. डिस्कॉर्ड या क्रमाने हिशोब करतं:

1. सर्व्हरवरची बेरीज. त्यात ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर हिशोब इथेच संपतो, सगळं खुलं.
2. चॅनेलमधला @एव्हरीवन: त्याचे लाल वजा, हिरवे जमा.
3. चॅनेलमधले त्या माणसाचे सगळे रोल एकत्र: आधी सगळे लाल वजा, मग सगळे हिरवे जमा.
4. त्या माणसाच्या नावाने केलेली नोंद: लाल वजा, हिरवे जमा.

प्रत्येक पुढची पायरी मागचीवर मात करते. आणि तिसऱ्या पायरीत लाल आणि हिरवा भिडले तर हिरवा जिंकतो. बहुतेकांना नेमकं हेच माहीत नसतं.

एक उदाहरण घेऊ. #प्रसिद्धी हे खाजगी चॅनेल आहे. @एव्हरीवनला व्ह्यू चॅनेल लाल. "संपादन" रोलला हिरवं. इंटर्नांनी आत येऊ नये म्हणून कोणीतरी "इंटर्न"ला लाल लावलं. आता संपादन विभागात एक इंटर्न आली, तिच्याकडे दोन्ही रोल. तिला चॅनेल दिसेल. मग ॲडमिन काय करतो? रोलच्या यादीत "इंटर्न" ओढून सगळ्यात वर ठेवतो, वरचा रोल जिंकेल या समजुतीने. काही फरक पडत नाही. रोल यादीत वर आहे की खाली, याचा चॅनेलमधल्या लाल-हिरव्याशी काही संबंध नाही. वरखाली होण्याला अर्थ आहे तो वेगळ्या ठिकाणी, त्याच्याकडे येतोच.

तिला खरंच बाहेर ठेवायचं असेल तर चौथी पायरी वापरा, म्हणजे तिच्या नावाने लाल. किंवा "संपादन" काढून घ्या. दुसरा मार्ग बरा. नावाने केलेल्या नोंदी साचत जातात, सहा महिन्यांनी त्या का केल्या ते कोणाला आठवत नाही, आणि वर सांगितलं तसं रोलच्या देखाव्यात त्या सापडतही नाहीत.

याच कारणाने "गप्प" किंवा "म्यूटेड" नावाचे घरगुती रोल फसतात. "गप्प"ला लिहिण्याची लाल फुली, पण त्या चॅनेलमध्ये माणसाच्या दुसऱ्या रोलला लिहिण्याचं हिरवं. माणूस निवांत लिहीत राहतो. कोणाला गप्प करायचंच असेल तर टाइमआउट वापरा.

हिशोब कळला की तपासणी सोपी आहे. चॅनेलच्या सेटिंग्जमध्ये परमिशन्स उघडा, डावीकडे जेवढे रोल आणि माणसं दिसतात ती एकेक उघडून व्ह्यू चॅनेलची ओळ बघा. ती आधी, कारण व्ह्यू चॅनेल लाल असेल तर बाकी सगळं हिरवं असून उपयोग नाही. तसंच सेंड मेसेजेस बंद असेल तर फाइल जोडणं आणि लिंकचं पूर्वदर्शन यांच्या हिरव्या खुणा नुसत्या शोभेच्या.

कॅटेगरीकडे दुर्लक्ष करू नका. चॅनेल कॅटेगरीशी सिंक असेल तर कॅटेगरीतला बदल त्याच्यात उतरतो. चॅनेलमध्ये स्वतंत्र एक जरी बदल केला तरी सिंक तुटतं, आणि त्यानंतर कॅटेगरीत काहीही करा, त्या चॅनेलला पत्ता नसतो. "कॅटेगरीत रोल जोडला, नऊ चॅनेल्स दिसली, दहावं नाही" या तक्रारीचं उत्तर हेच. परमिशन्सच्या पानावर वरच सिंक आहे की नाही ते लिहिलेलं असतं, शेजारी सिंक नाऊ बटण. ते दाबण्याआधी त्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या. सिंक केलं की चॅनेलच्या स्वतःच्या सगळ्या नोंदी पुसून कॅटेगरीच्या बसतात आणि मागे घ्यायचं बटण नाही. एखादं चॅनेल मुद्दाम वेगळं ठेवलेलं असेल, पगाराचं किंवा तक्रारींचं, तर या एका क्लिकने ते सगळ्यांपुढे उघडं पडू शकतं.

थ्रेड, फोरम आणि व्हॉइस

थ्रेडमध्ये लिहिण्याची परवानगी वेगळी आहे: सेंड मेसेजेस इन थ्रेड्स. चॅनेलमधलं सेंड मेसेजेस सुरू केल्याने थ्रेड उघडत नाही, आणि बंद केल्याने बंदही होत नाही. घोषणांच्या चॅनेलमध्ये सगळ्यांचं लिहिणं बंद करून खाली थ्रेडमध्ये चर्चा रंगलेली दिसते, ती यामुळे. फोरम चॅनेलमध्ये नवीन पोस्ट टाकायची परवानगी एक आणि पोस्टखाली उत्तर द्यायची दुसरी. खाजगी थ्रेड तर चॅनेल दिसणाऱ्यालाही दिसत नाही. त्यात नाव घेऊन बोलवावं लागतं, किंवा मॅनेज थ्रेड्स लागतं.

व्हॉइसमध्ये "आत येता येतं, पण माझा आवाज जात नाही" असं असेल तर यूज व्हॉइस ॲक्टिव्हिटी बघा. ते बंद असेल तर बटण दाबून धरल्याशिवाय बोलता येत नाही. स्टेज चॅनेलमध्ये श्रोत्याने हात वर करून परवानगी मागायची असते. तो बिघाड नव्हे.

मॉडरेटरची अडचण

आता रोलच्या वरखाली होण्याची गोष्ट. रोलची क्रमवारी लागते ती माणसांवर आणि रोलांवर अधिकार चालवताना. तुमच्या सगळ्यात वरच्या रोलच्या खाली जे आहेत तेवढेच रोल तुम्ही देऊ, काढू किंवा बदलू शकता, आणि ज्यांचा सगळ्यात वरचा रोल तुमच्याखाली आहे त्यांनाच बाहेर काढू शकता. बरोबरीचा चालत नाही. मॅनेज रोल्स सुरू असूनही "स्वयंसेवक" रोल देता येत नाही, कारण "स्वयंसेवक" यादीत मॉडरेटरच्या वर बसलाय. कोणीतरी रंग छान दिसावा म्हणून तो वर ओढलेला असतो. नावाचा रंग सगळ्यात वरच्या रंगीत रोलचा लागतो ना, त्यापायी. तो खाली आणा, एवढंच.

क्रमवारी ठीक असूनही बटण काम करत नसेल, तर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी पडताळणी मागणारं लॉगिन. सर्व्हरवर मॉडरेशनसाठी टू-फॅक्टर सक्तीचं असेल आणि मॉडरेटरने स्वतःच्या अकाउंटवर ते सुरू केलेलं नसेल, तर मेसेज काढणं, माणूस काढणं, रोल देणं यातलं काहीच चालत नाही. मॉडरेटरला सांगा सुरू कर म्हणून. सक्ती उठवू नका. ती उठवणं मालकालाच जमतं, आणि मालकाला शहाणपण असेल तर तो नकार देईल.

"मेसेज डिलीट करता येतो, पिन करता येत नाही" ही त्यातल्या त्यात नवी तक्रार. पूर्वी दोन्ही मॅनेज मेसेजेसमध्ये यायचं. आता पिन मेसेजेस ही परवानगी वेगळी आहे. मॉडरेटरच्या रोलला ती स्वतंत्रपणे द्या.

बॉट

बॉटलाही माणसाचेच नियम. परवानग्या मागून तो सर्व्हरवर आला की त्याच्या नावाचा रोल आपोआप तयार होतो, आणि नवा रोल यादीत तळाला जातो. मग नव्या सदस्यांना रोल वाटायचं काम त्याला दिलेलं, आणि वाटायचे रोल त्याच्या डोक्यावर. बॉटच्या नोंदीत 50013 हा आकडा दिसला तर परवानगी किंवा क्रमवारी कमी पडतेय. बॉटचा रोल ओढून वाटायच्या रोलांच्या वर ठेवा. 50001 दिसला तर त्याला ते चॅनेलच पोचत नाही. खाजगी चॅनेल बनवताना माणसांचे रोल जोडले जातात आणि बॉट राहून जातो.

स्लॅश कमांड (/ ने सुरू होणारी बॉटची आज्ञा) एखाद्यालाच दिसत नसेल तर सर्व्हर सेटिंग्जमधलं इंटिग्रेशन्स उघडा. तिथे कोणती कमांड कोणत्या रोलला आणि कोणत्या चॅनेलमध्ये, हे वेगळं ठरवता येतं. हे पान बहुतेकांनी कधी उघडलेलं नसतं.

बॉटवाले सरसकट ॲडमिनिस्ट्रेटर मागतात. नाही म्हणायची सवय लावा. रोल वाटणाऱ्या बॉटला मॅनेज रोल्स पुरतं.

गेलेला माणूस अजून वाचतोय

सर्व्हरवरून काढलेलं नाही, फक्त टीम बदलली, अशा वेळी हा प्रकार होतो. रोल काढला, पण दुसऱ्या एखाद्या रोलला त्याच चॅनेलमध्ये हिरवं आहे, किंवा कधीतरी त्याच्या नावाने हिरवं दिलेलं आहे. चौथ्या फेरीचीच तपासणी, फक्त लालऐवजी हिरवे शोधायचे. खाजगी चॅनेलच्या सदस्ययादीवर उजवीकडे नजर टाका. कोण कोण बघू शकतं ते तिथे कळतं.

वेबहुकही बघा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला चॅनेलमध्ये मेसेज टाकता यावा म्हणून केलेली सोय. ज्याच्याकडे वेबहुकचा पत्ता आहे तो सर्व्हरवर नसतानाही त्या चॅनेलमध्ये मेसेज टाकू शकतो, त्याला रोल लागत नाही. तांत्रिक माणूस टीम सोडून गेला की त्याने बनवलेले वेबहुक काढून नवे बनवा. भांडण झालंय म्हणून नव्हे, तो पत्ता जुन्या कुठल्या तरी फाइलमध्ये पडून असतो म्हणून.

ऑडिट लॉग

वरचं सगळं झालं आणि "काल चालत होतं, आज नाही" एवढंच हाती उरलं, तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑडिट लॉग उघडा. कोणी कोणता रोल बदलला, कोणत्या चॅनेलची कोणती परवानगी फिरवली, सगळं तारखेसह असतं. मी हे शेवटी ठेवलंय कारण नोंदी खूप असतात आणि काय शोधायचं ते आधी ठाऊक असावं लागतं. नोंदी 45 दिवसच राहतात, त्यामुळे फार दिवस ढकलू नका. आणि लॉगमध्ये एखाद्या सहकाऱ्याचं नाव सापडलं तर सगळ्यांसमोर ते टाकू नका. बहुतेक वेळा तो बिचारा दुसराच काहीतरी बिघाड दुरुस्त करत होता.

कुठे थांबायचं

पुढच्या परिस्थितीत स्वतः खटपट करत बसू नका.

मालकाचं अकाउंट हरवलंय किंवा कोणी बळकावलंय. मालकी दुसऱ्याच्या नावावर करण्याचा पर्याय मालकाच्याच सेटिंग्जमध्ये असतो. तुमच्या कोणत्याही रोलने ते होणार नाही. डिस्कॉर्डच्या अधिकृत मदत केंद्रातून विनंती टाका. "मी डिस्कॉर्डचा कर्मचारी, क्यूआर स्कॅन करा" असा थेट मेसेज आला तर तो भामटा आहे. या प्रकारात कोणाचे पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार द्या.

लॉगमध्ये अनोळखी माणसाला ॲडमिनिस्ट्रेटर मिळालेला दिसला, किंवा ओळखीच्याच अकाउंटने रात्रीतून चॅनेल्स उडवली. अशा वेळी तपासणी बंद. त्या अकाउंटचे रोल काढा, अनोळखी बॉट आणि वेबहुक हटवा, आणि ज्याचं अकाउंट आहे त्याला फोन करून पासवर्ड बदलायला लावा. फोन करा, मेसेज नको. मेसेज वाचणारा तो नसेलही. पासवर्ड बदलला की दुसरीकडची जुनी लॉगिन्स तुटतात. नंतर सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाकडून सगळं बघून घ्या.

बॉट तुमच्याच टीमने लिहिलेला आहे आणि क्रमवारी, परवानग्या सगळं ठीक असूनही 50013 येतोय. हे त्याचा कोड लिहिणाऱ्याचं काम. सर्व्हरवर रोल हलवत राहिलात तर त्याला मूळ चूक सापडणं आणखी अवघड होईल.

पन्नासेक चॅनेल्स, प्रत्येकात वेगळ्या नोंदी, निम्मे रोल कशासाठी आहेत ते कोणाला माहीत नाही. हे टप्प्याटप्प्याने सुधारत नाही. ज्याने मोठे सर्व्हर बांधलेत अशा माणसाला पैसे देऊन नव्याने मांडणी करून घ्या. तुमचा वेळ जास्त महाग पडेल.

पगार, ग्राहकांची माहिती किंवा विद्यार्थ्यांची कागदपत्रं चुकीच्या लोकांना दिसली असतील, तर आधी ते चॅनेल बंद करा आणि संस्थेत ज्याची जबाबदारी आहे त्याला त्याच दिवशी लेखी कळवा. कोणी पाहिलं, काय पाहिलं, हे ठरवणं तुमच्या एकट्याचं काम नाही.

मदतीला कोणाला बोलावलंत तर त्याला एवढं तयार ठेवून द्या: तक्रार करणाऱ्याचं युजरनेम, त्याच्याकडच्या सगळ्या रोलांची यादी, चॅनेलच्या आणि ते ज्या कॅटेगरीत आहे तिच्या परमिशन्सच्या पानांचे स्क्रीनशॉट, रोलच्या पूर्ण यादीचा वरपासून खालपर्यंतचा फोटो, आणि शेवटचं केव्हा नीट चालत होतं ती तारीख. स्वतःचा पासवर्ड किंवा लॉगिन त्याला देऊ नका. वेगळा रोल बनवा, काम झालं की काढून घ्या.